हात नसलेल्या कळ्या

प्रिय भिंगरी,

तुझं भाषण सोमवारी पोचलं. अकरा पानं, स्वच्छ अक्षर, डावीकडे दोन बोटं समास सोडलेला आणि वर टाचलेली चिठ्ठी: ‘आई, रविवारच्या आत तपासून पाठव, फार फाडू नकोस.’ मी फाडलेलं नाही. पण तपासूनही पाठवत नाही. आज गुरुवार. शेवटचा तास संपला आहे, प्रयोगशाळेच्या ओट्यावर नववीच्या मुलांनी सांडलेलं आयोडीन अजून ओलं आहे आणि मी उंच स्टुलावर बसून तुला लिहिते आहे. फोन करता आला असता. पण फोनवर मी बोलते आणि तू ‘हो आई’ म्हणतेस, हे आपलं दोघींचं इतक्या वर्षांचं वळण आहे. कागदावर तुला मध्येच ‘हो’ म्हणता येत नाही. वाच, चिडलीस तर चुरगाळ, आणि पुन्हा उलगडून वाच.

आधी जे दोघींना ठाऊक आहे तेच मांडते, कारण सभेतही मी आधी विषय सांगते आणि मग भांडते. साठपेक्षा कमी मुलं असलेल्या एक्केचाळीस शाळा खात्यानं बंद करायला काढल्या आहेत. त्या वाचवायच्या तर शिक्षक संघटनेला रविवारच्या अधिवेशनात नवा अध्यक्ष हवा, कारण मी महिनाअखेर निवृत्त होते आणि आपल्या नियमात निवृत्त माणसाला खुर्ची नाही. कार्यकारिणीनं तुझं नाव काढलं. ‘मोठी तोफ निघाली, धाकटी आली,’ असं खजिनदार म्हणाले, सगळे हसले, मीही हसले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. तुझ्यासमोर कुणी उभं राहू नये अशी तजवीज मी केली नव्हती, पण कुणी राहणार नाही हे मला माहीत होतं. पंचवीस वर्षं या बाईच्या तोंडी लागायचं नाही असं शिकलेली माणसं तिच्या मुलीच्या विरोधात कशाला अर्ज भरतील?

मग तुझं भाषण तुझ्या बाबांच्या हाती पडलं. छापखाना सोडून त्यांना सहा वर्षं झाली, तरी मुद्रितं तपासायची खोड गेलेली नाही. औषधाच्या बाटलीवरचा कागदही ते हातात पेन्सिल घेऊन वाचतात. तासाभरानं ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, ‘छान आहे. तुझंच आहे, फक्त अक्षर बरं आहे.’ मी म्हटलं, टोमणे पुरे, मुलगी आहे माझी, थोडं साम्य असणारच. ते वाद घालत नाहीत, तुला माहीत आहे. कागद माझ्यापुढे ठेवून ते भांडी पुसायला लागले. समासात प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीनं एक साल लिहिलेलं होतं. ते वाक्य मी ज्या वर्षी बोलले त्याचं साल. काहींपुढे दोन सालं, काहींपुढे चार. माझी सगळी पत्रकं त्यांच्याच हाताखालून गेली आहेत, त्यांच्याशी पैज कोण लावणार. अकरा पानांत एकाच वाक्यापुढचा समास कोरा होता: ‘माझा आवाज जरा बसला आहे, मागच्यांना ऐकू येत नसेल तर हात वर करा.’ तेवढं तुझं होतं.

मला आधी राग आला. बाबांचा, मग तुझा. मी सगळी सालं मोजत बसले, जणू तोच दोष होता. मग सातवं पान आलं आणि राग कुठे जायला हवा ते कळलं. सातव्या पानावर तू हायड्रा घेतला आहेस. ‘हायड्राला जोडीदार लागत नाही. त्याच्या अंगावर कळी फुटते, त्या कळीचाच नवा हायड्रा होतो, हुबेहूब पहिल्यासारखा. तुम्ही एक शाळा मोडा, आमच्यातून दुसरी फुटेल, हुबेहूब तशीच.’ त्यापुढे पाच सालं आहेत. टाळ्यांचं वाक्य आहे ते. त्या वाक्यावर एकदा एका सभागृहातल्या लोकांनी बाकं बडवली होती, आणि मागच्या रांगेत तू शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होतीस. ते वाक्य अर्धं खोटं आहे, भिंगरी. आणि मला ते माहीत होतं.

माझ्या खिडकीतली हायड्राची बरणी तुला सांगायला नको. दोऱ्याचे तुकडे काचेला चिकटलेत असंच नवख्याला वाटतं. खालचं टोक काचेवर रोवलेलं, वरचं उसवलेलं. ते उसवलेले धागे म्हणजे त्याचे हात. पाण्यातली पिसू जवळून गेली की ते तिला धरतात आणि तोंडात ढकलतात. दोन दिवस पोटभर खाऊ घातलं की अंगाच्या खालच्या भागावर फुगवटा येतो, त्याला हात फुटतात, तोंड फुटतं आणि एके दिवशी बरणीत एकाचे दोन असतात. पुस्तकात याला मुकुलायन म्हणतात. तू चार वर्षांची असताना याला ‘हायड्राला बाळ लागलं’ म्हणायचीस, जशी फांदीला फळं लागतात. मी हे वर्गात इतक्या वेळा दाखवलं की याच्यापलीकडे हायड्राचं काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. गरम खोली, भरपूर खाणं आणि एकातून दुसरा. मला हे फार आवडायचं. कुणाची गरज नाही, कुणाची वाट पाहणं नाही.

सव्वीस दिवसांचा संप झाला त्या हिवाळ्यात तू दहा वर्षांची होतीस. शाळेला कुलूप होतं, हीटर बंद होता, नळातलं पाणी सकाळी गोठायचं. संप जिंकल्यावर कुलूप उघडलं तेव्हा तू माझ्याबरोबर होतीस. मी खडू आणि हजेरीपटांच्या मागे लागले, तू धावत बरणीकडे गेलीस, काचेला नाक लावलंस आणि म्हणालीस, ‘आई, या कळ्या चुकल्यात. यांना हातच फुटत नाहीयेत.’ मी येऊन पाहिलं. अंगावर, वरच्या बाजूला, टोकदार बारीक फुगवटे. दोघातिघांना खालच्या बाजूला एक मोठा, गोल. मी असं कधी पाहिलं नव्हतं आणि मी जे पाहिलेलं नाही ते रोगच असणार असं मला वाटलं. तू म्हणालीस, ‘रोग असता तर सगळ्यांना अगदी त्याच जागी कसा झाला असता?’ बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला विचारला गेलेला तो सर्वांत चांगला प्रश्न होता. मी तुला म्हटलं, ‘तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?’ आणि केटलीतलं उकळतं पाणी बरणीत ओतलं. मला आता वाटतं, त्यानंतर तू माझ्यासमोर स्वतःचं असं फारसं बोललीच नाहीस. माझं बोलायला लागलीस.

चार वर्षांनी एका कॉलेजच्या ग्रंथालयात वेळ काढत बसले असताना एका जाड पुस्तकात मला तेच फुगवटे दिसले. चित्राखाली नाव होतं, खुलासा होता. दिवस चांगले असले, ऊब आणि खाणं असलं की हायड्रा कळ्या काढतो; झटपट, आपल्यासारखाच दुसरा. पण पाणी गार पडायला लागलं की काही जातींचे हायड्रा हे काम थांबवतात. मग कुणाच्या अंगावर नरबीजांचे फुगवटे येतात, कुणाच्या अंगावर अंडं धरतं आणि दोन वेगळ्यांचं मिळून एक जीव तयार होतो. त्या अंड्याला कठीण कवच असतं. कळी मऊ असते, बर्फात मरते. हे अंडं चिखलात पडून हिवाळा काढतं आणि त्यातून जो बाहेर येतो तो कुणाचीच नक्कल नसतो. म्हणजे मी ज्याला रोग म्हटलं, ती त्या जिवाची वाईट दिवसांसाठीची तयारी होती. आपल्याच संपाच्या थंडीत तो ती करत होता आणि मी विजयाच्या दिवशी त्याच्यावर उकळतं पाणी ओतलं. मी पुस्तक मिटलं. त्या संध्याकाळी सभा होती. मी तेच वाक्य बोलले आणि टाळ्या घेतल्या. बाबांच्या पाच सालांपैकी तीन सालं त्या दिवसानंतरची आहेत.

या हिवाळ्यात मी ते स्वतः करून पाहायचं ठरवलं. जाता जाता कोण काय बोलणार? बागेमागच्या तळ्यातले काही आणि नदीकाठच्या डबक्यातले काही हायड्रा एका बरणीत घातले आणि बरणी शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवली. फ्रिजवरून काय रामायण झालं ते विचारू नकोस. आपले व्यायामशिक्षक, ज्यांना पोरंच काय, मुख्याध्यापिकाही ‘शिट्टी’ म्हणतात आणि जे संघटनेत अकरा वर्षं माझ्या प्रत्येक ठरावाला उपसूचना आणतात, ते म्हणाले, ‘बाई, तुमचं कुटुंब माझ्या डब्याशेजारी नको. मी चुकून गिळलं तर बैठकीत तुमच्या बाजूनं बोलायला लागेन.’ तीन आठवड्यांनी फुगवटे आले. मी नववीचा वर्ग बोलावला, फळ्यावर माझंच जुनं वाक्य लिहिलं आणि त्यावर काट मारली. एका मुलीनं विचारलं, ‘बाई, मग गेल्या वर्षीच्या मुलांना कोण सांगणार?’ माझ्या हाताखालून किती हजार मुलं गेली असतील. त्या सगळ्यांना मी गाठू शकत नाही. एकीला गाठू शकते.

आता तू म्हणशील, आई, एका उदाहरणावरून एवढं कशाला. उदाहरण काढून टाकते, बाकीची दहा पानं ठीक आहेत ना? नाहीत. ऐक. गेल्या वर्षी मी शिक्षणाधिकाऱ्याकडे गेले होते, ते प्रकरण मी घरी हसत हसत सांगितलं होतं, पण त्यातला खरा भाग गाळला होता. मी चौथ्या मुद्द्यावर होते आणि त्या माणसानं सातव्या मुद्द्याचं उत्तर द्यायला सुरुवात केली. त्याच्यासमोर कागद होता. माझे मुद्दे, माझ्याच क्रमानं, आणि प्रत्येकापुढे टंकलेलं उत्तर. मी ज्या ठिकाणी आवाज खाली आणते त्या ठिकाणी तो मान हलवायला लागला, मी आणायच्या आधीच. मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी मला पाठ केलं आहे. आणि तू रविवारपासून त्यांच्यापुढे मलाच पुन्हा उभी करणार आहेस, तरुण आवाजात.

बटाट्याचं शेत असंच असतं. डोळा कापून लावला, त्यातून झाड आलं, त्याचे बटाटे पुन्हा कापून लावले; एकरच्या एकर, पण खरं पाहिलं तर तो एकच बटाटा असतो. वर्षानुवर्षं पीक भरभरून येतं, शेतकरी खूश असतो. मग करपा येतो. एका झाडाला ज्यानं गाठलं त्याला दुसऱ्या झाडाजवळ नवं काही शिकावं लागत नाही, आठवड्यात शेत काळं पडतं. मी पंचवीस वर्षं संघटनेत डोळे कापून लावत आले. जिल्ह्याजिल्ह्यात माझ्यासारखं बोलणारी माणसं उभी केली आणि त्याला एकजूट म्हटलं. एकजूट वेगवेगळ्यांची होते, भिंगरी. एकाच माणसाच्या आठशे प्रती काढल्या तर त्याला गठ्ठा म्हणतात. एवढी साधी गोष्ट कळायला मला निवृत्तीचा महिना लागला.

आणि तुझ्याजवळ वेगळं आहे. ते मी स्वतःच्या हातानं दाबलं, म्हणून मला नक्की माहीत आहे. दिवाळखोर झाल्यासारखा चेहरा करू नकोस, आठव. सप्टेंबरात तू फोनवर म्हणाली होतीस की परीक्षांवर बहिष्कार नको, शाळा बंद झाली तरी आपण बंद करायची नाही. कुलूप लावलं तर ओसरीवर, ओसरी काढून घेतली तर कुणाच्या गॅरेजमध्ये, पण रोज त्याच वेळेला, तोच हजेरीपट, तीच मुलं, आणि रोज दोन पालक वर्गात बसलेले. खात्यानं येऊन शिकवणाऱ्या माणसाला अटक करून दाखवावी. तू मोजणीही केली होतीस, कोणत्या शाळेत किती शिक्षक शेजारच्या गावात राहतात वगैरे. गणिताची बाई आहेस, तुला आकडे सुचतात, मला घोषणा सुचतात. मी काय म्हटलं होतं? ‘हे आंदोलन नाही, ही सहल आहे.’ तू हसलीस आणि विषय बदललास. तुझ्या अकरा पानांत त्याची एक ओळ नाही. बहिष्कार मात्र आहे, तीन सालांचा.

मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. त्या अधिकाऱ्याच्या कागदावर तुझ्या गॅरेजचं उत्तर टंकलेलं नाही. तुझी योजना चालेल की नाही हे मला सांगता येत नाही. थंडीत ओसरीवर मुलं बसतील का, पालक दुसऱ्या आठवड्यात येतील का, तूच शोधायचं आहेस. पण ती तुझी आहे, आणि ती ऐकताना मला जी चीड आली होती ती हात नसलेल्या कळ्या पाहून आली होती तशीच होती. माझ्या चिडीवर आता माझाच विश्वास उरलेला नाही.

एक गोष्ट मला वर्गात दाखवायला नेहमी आवडते. कळी हायड्राच्या अंगावर असते तोवर दोघांचं पोट एकच असतं. मोठ्यानं खाल्लेलं कळीला पोचतं आणि कळीनं पकडलेलं मोठ्याला. बाहेरून दोन तोंडं दिसतात, आत एकच पोकळी. पानफुटीचं पानही तसंच. कडेला रोपांची रांग लागलेली, प्रत्येकाला स्वतःची इवली पानं, पण पाणी अजून मोठ्या पानाचं. आपलं असंच चाललं आहे. तू काही वाचतेस आणि मला पाठवतेस, मी चावून परत देते, तू बोलतेस. बत्तीस वर्षांची झालीस तरी भाषण तपासायला माझ्याकडे येतं. सुटायची वेळ झाली की कळी तळाशी आपला पाय तयार करते आणि दोन्हीकडची भोकं बुजतात. दोन्हीकडची, हे लक्षात घे. मला माझी बाजू बुजवायची आहे. ते प्रेम कमी करून होत नाही. ते काम करून होतं.

ते काम मी आज केलं, आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी ते तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. शिट्टींनी अध्यक्षपदाचा अर्ज लिहून ठेवला होता. सूचक मिळाला, अनुमोदक मिळत नव्हता. मला कोण दुखवणार? आज पाच वाजेपर्यंत दुसरी सही नसती तर अर्ज बाद झाला असता आणि तू बिनविरोध निवडून आली असतीस. चार वाजून दहा मिनिटांनी मी त्यांच्या अर्जावर अनुमोदक म्हणून सही केली. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘बाई, बरं वाटत नाही का?’ मी म्हटलं, कधी नव्हे इतकं बरं वाटतंय. त्यांचं म्हणणं तुला माहीत आहे: वीस शाळा सोडून द्या, एकवीस वाचवा. ते जिंकले तर त्या वीस शाळा जातील, आणि त्यात माझ्या सहीचा वाटा असेल, हे समजून मी सही केली आहे. पण तू माझं भाषण घेऊन जिंकलीस तर एक्केचाळीसही जातील, कारण त्याचं उत्तर तिकडे तयार आहे. उद्या सकाळी नावांची यादी फळ्यावर लागेल, पाच जण तुला फोन करून माझी शुद्ध गेली असं सांगतील; त्याआधी पहिल्या गाडीनं येऊन बाबा हे पत्र तुझ्या हातात देतील. सही मी मागे घेणार नाही, तू रडलीस तरी. तुला अर्ज मागे घ्यायचा असेल तर शनिवारी दुपारपर्यंत मुदत आहे, पण तू तो घेशील असं मला वाटत नाही. तुझी अकरा पानं मी ठेवून घेतली आहेत, ती माझीच आहेत. माझं मत कुणाला, ते अजून ठरलेलं नाही, बाबांनाही सांगितलेलं नाही. रविवारी तू बोलशील, मी ऐकेन, मग ठरवीन. तुझं मी अजून कधी ऐकलेलंच नाही.

तुझीच, आणि रविवारपुरती समोरच्या बाजूची,
आई